आजींचा अंगठा लागत नाही, आणि माझं मशीन झेरॉक्स काढून दमलं

झेरॉक्सवाला_पद्मावती · १४ जून, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. इथे वाचत रोज असतो, लिहितोय पहिल्यांदाच. जरा सांभाळून घ्या.

पुण्यात पद्मावतीला माझं झेरॉक्सचं दुकान आहे, १९ वर्षं झाली. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, ऑनलाइन फॉर्म. (दुपारी १ ते ४ बंद. हो, आम्हीपण.) या धंद्यात एक गोष्ट शिकलो. माणसाची परिस्थिती बघायला त्याच्या घरी जावं लागत नाही, कागद कशातून आणलेत तेवढं बघायचं. कुणी चामडी ब्रीफकेसमधून आणतं, कुणी प्लास्टिकच्या फोल्डरमधून. आणि काही जण दुधाच्या पिशवीतून. ज्या आजींबद्दल लिहितोय त्या तिसऱ्यातल्या. पिशवी स्वच्छ धुतलेली, वर दोन रबरं, आत कागद चौघडी करून. घडीवर घडी पडून रेशनकार्डाचे आता चार तुकडे झालेत, मागून सेलोटेप लावलीय. ती मीच लावली.

आधारवर आजींचं वय ६२. खरं किती ते त्यांनाही माहीत नाही. ७२ च्या दुष्काळात आईबापाबरोबर मराठवाड्यातून पुण्याला आल्या, तेव्हा "चूल पेटवाया येत हुती मला" एवढीच खूण. पहाटे चारला निघायचं, पुठ्ठा, बाटल्या, पत्रा वेचायचा, दुपारपर्यंत भंगाराच्या दुकानात नेऊन घालायचं. चांगल्या महिन्याला पाच हजार सुटतात. पावसाळ्यात पुठ्ठा भिजतो, मग तीन. मालक वारले. मुलगा आहे म्हटलं तर आहे. सून निघून गेली. नातू ७ वर्षांचा, तो यांच्याजवळ.

आता मूळ गोष्ट. मार्चपासून आजींचं रेशन बंद आहे. अंगठा लागत नाही.

माझ्याकडे बँकेचे पैसे काढून द्यायला अंगठ्याचं यंत्र आहे, त्यावर मीही करून पाहिलं. त्या निमित्ताने आजींची बोटं पहिल्यांदा नीट बघितली. काच लागून बरी झालेली, तिथेच पुन्हा चिरलेली, चिरांमध्ये काळं बसलेलं. अंगठ्याच्या पेरावर मात्र रेघच नाही. टाकी लावायला आलेला पाटा असतो ना, तसा गुळगुळीत. दहाही बोटं लावून बघितली. डाव्या करंगळीला एकदा हिरवा दिवा लागला, आजी खूश झाल्या, दुसऱ्यांदा लागला नाही.

रेशन दुकानदार वाईट माणूस नाही. त्यानेच सांगितलं, लिंबू चोळून या. मग म्हणाला खोबरेल लावून या. मग म्हणाला, आता वरच्या ऑफिसातच जा. ऑफिसात म्हणाले, अर्ज द्या, सोबत रहिवासाचा पुरावा जोडा. लाइट बिल? लाइट शेजारच्याकडून वायर ओढून, महिना ३०० रुपये. बिल कुठून आणायचं? जुने कागद होते, पण २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी शिरलं त्यात पत्र्याची पेटीच गेली. नातवाचा जन्मदाखलाही त्याच पेटीत. त्यामुळे नातवाचं नाव कार्डावर चढलेलं नाही, त्याचं आधारही नाही, आणि उद्या-परवा शाळा सुरू होतील तर तिथेही हेच विचारणार.

मार्चपासून या एका रेशनकार्डाची झेरॉक्स मी ११ वेळा काढली. प्रत्येक टेबलाला नवी प्रत लागते, आधीची कुठे जाते देव जाणे. पैसे घेत नाही. तर परवा आजींनी काउंटरवर चिल्लर ठेवली आणि एक शब्द न बोलता चालू लागल्या. मोजली तर बरोबर २२ रुपये.

माझा प्रश्न असा. सुरुवात कुठून करू? रेशन, दाखला, शाळा, की विधवा म्हणून काही पगार मिळतो का ते बघू? कुणाला अनुभव असेल तर सांगा. "नगरसेवकाला भेटा" सोडून.

---

जुना_पुरवठा · १५ जून, सकाळी ६.४०

पुरवठा खात्यात ३१ वर्षं काढली, दुसऱ्या जिल्ह्यात. आता धनकवडीत नातवंडं सांभाळतो, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

तुम्ही दोन गोष्टींची गल्लत करताय. दर महिन्याला धान्य घेताना अंगठा लागतो ते वेगळं, आणि ई-केवायसी, म्हणजे कार्डावरच्या माणसाची आधारवरून ओळख पटवणं, ते वेगळं. आजींचं नेमकं कुठे अडलंय ते आधी बघा. कार्डाचा १२ आकडी नंबर घेऊन दुकानदाराच्या यंत्रावरच कळेल. ई-केवायसी राहिली असेल तर ती आता चेहरा दाखवूनही होते, मोबाइलवर 'मेरा ई-केवायसी' आणि आधारचं फेस ॲप घ्यायचं. पण त्यात आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. आजींचं सिमकार्ड बंद पडलं असणार, पैज लावतो. तेव्हा आधी आधार केंद्रात जाऊन नंबर बदला, आणि त्याच फेरीत बोटं आणि डोळे नव्याने घ्यायला सांगा. बोटं गेली तरी डोळे राहतात.

आणि अंगठा लागला नाही म्हणून धान्य नाकारायचं, हे नियमात नाही. आधार प्राधिकरणाने स्वतः २४ ऑक्टोबर २०१७ ला परिपत्रक काढलंय. अंगठा नाही तर डोळे, डोळे नाहीत तर ओटीपी, तेही नाही तर कार्ड बघून वहीत नोंद करून द्यायचं. दुकानदार देत नाही कारण वहीतली नोंद त्याच्या गळ्याशी येते, तपासणीला आलेला माणूस पहिला तीच वही मागतो. हे मी खुर्चीत बसून केलेलं आहे, म्हणून सांगतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही, वरून लेखी आलं की तो देतो.

दुसरं म्हणजे कार्ड केशरी, 'प्राधान्य'चा शिक्का असलेलं असणार. त्यावर माणशी ५ किलो, म्हणजे आजींना एकटीला ५. पण अंत्योदयच्या, म्हणजे सगळ्यात गरिबांच्या कार्डाच्या, निकषात हमाल, हातगाडीवाले, कचरा वेचणारे असं स्पष्ट लिहिलेलं आहे, निराधार विधवाही आहेत. अंत्योदयला कुटुंबामागे ३५ किलो. अर्ज कराच. उत्तर काय येणार तेही सांगतो: इष्टांक संपला. इष्टांक म्हणजे राज्याला ठरवून दिलेली माणसांची संख्या. महाराष्ट्राला ती ७ कोटींच्या थोडी वर आहे, हिशेब २०११ च्या जनगणनेचा, आणि शहरात तर १०० पैकी जेमतेम ४५ माणसं बसतात. त्यानंतर पुणे कुठल्या कुठे गेलं, इष्टांक तिथेच. म्हणून कुणी मेलं किंवा कुणाचं कार्ड कटलं की जागा होते. वाईट वाटतं लिहायला, पण रजिस्टर असंच चालतं.

एवढं एकच पाळा. तोंडी काही ऐकायचं नाही, तोंडी काही बोलायचं नाही. अर्जाच्या दोन प्रती, एकीवर शिक्का, तारीख, सही. पोच. कागद जोडलेले नसले तरी अर्ज घ्यावाच लागतो, त्रुटी असेल तर ती त्यांनी लेखी कळवायची. पोच नसेल तर तुम्ही आलाच नव्हता.

तक्रारीला १९६७ नंबर आहे. त्याच्या वर जिल्हा तक्रार निवारण अधिकारी, त्याच्या वर राज्य अन्न आयोग. हक्काचं धान्य मिळालं नाही तर अन्न सुरक्षा भत्ता द्यायचा, हेही २०१३ च्या कायद्यात आहे, कलम ८. मागणारा मी नोकरीत एकही बघितला नाही.

---

रोखठोक_७७ · १५ जून, सकाळी ९.०५

आजींबद्दल सहानुभूती आहे. पण दुसरी बाजू कुणीतरी मांडायला हवी. आमच्या गल्लीत चारचाकीवाल्याचं केशरी कार्ड आहे. मेलेल्या माणसांच्या नावावर वर्षानुवर्षं गहू उचलला गेला. अंगठा आणि ई-केवायसी आली म्हणूनच ते थांबलं. आता एकेकाला सूट द्यायला लागलात की पुन्हा तेच. शिवाय महिना पाच हजार म्हणजे वर्षाला साठ हजार. रेशनची मर्यादा ५९,०००. म्हणजे नियमाने आजी बसतच नाहीत! कर आम्ही भरतो, हा हिशेबही कधीतरी व्हावा.

---

झेरॉक्सवाला_पद्मावती · १५ जून, दुपारी १.२० (दुकान बंद आहे, म्हणून सवडीने)

@जुना_पुरवठा काका, प्रिंट काढून भिंतीला लावलंय. सिमकार्डाची पैज जिंकलात.

@रोखठोक, पाच हजार चांगल्या महिन्याला. पावसाळ्याचे चार महिने तीनच्या आसपास, त्यात एखादा आठवडा ताप. वर्षाचे पन्नास हजारही होत नाहीत. पण तुम्ही हिशेब काढलाच आहे तर पुढचा माझ्याकडून घ्या, फॉर्म भरून भरून मला हे आकडे पाठ झालेत.

धर्मादाय हॉस्पिटलात निर्धन म्हणून खाट मोफत हवी तर वर्षाचं उत्पन्न १,८०,००० च्या आत. रेशनला शहरात ५९,००० च्या आत. संजय गांधी निराधार योजनेचे महिना १,५०० हवे असतील तर २१,००० च्या आत. एकच राज्य, एकच तहसील कचेरी, आणि गरिबी मोजायच्या पट्ट्या तीन. आजी हॉस्पिटलच्या दारात गरीब, रेशनच्या दारात काठावर गरीब, आणि पगाराच्या दारात चक्क सधन. २१,००० ला ३६५ ने भागा. दिवसाला साडेसत्तावन्न रुपये. ५७ रुपयांत माझ्या दुकानासमोर दोन प्लेट वडापाव आणि कटिंग होतो, तोही एकट्याचा, घरभाडं सोडून.

आणि २१,००० चा दाखला मिळवणारे मिळवतात. कसा, ते तुमच्या चारचाकीवाल्याला विचारा. खरं सांगणारी आजी मात्र अपात्र.

---

रोखठोक_७७ · १५ जून, दुपारी २.००

निराधारचा आकडा मला माहीत नव्हता. तो मूर्खपणाच आहे. बाकी मुद्द्यावर मी ठाम.

---

ओढ्याकाठची · १५ जून, रात्री १०.३५

दादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. माझी आई कचरा वेचायची. मी त्याच ओढ्याच्या काठाला वाढले, आता एका सीएकडे नोकरी करते. थोडं कडू लिहिणार आहे, राग मानू नका.

तुम्ही इतकं सगळं लिहिलंत. बोटं, कार्ड, पेटी, पाऊस. काकांनी कायदा सांगितला, दुसऱ्यांनी कराचा हिशेब. पण आजींना आधी काय हवंय, हे तुम्ही त्यांना विचारलंत का? पोस्टमध्ये कुठे दिसलं नाही. आमच्याकडे असंच व्हायचं. ताई यायच्या, वह्या वाटायच्या. आईला वह्या नको होत्या, तिला भंगारवाल्याचा काटा तपासून हवा होता. किलोमागे शंभर ग्रॅम मारायचा तो. वह्यांवर फोटो निघाला, काटा तसाच राहिला.

आणि ते २२ रुपये. माझी आई असती तर तिनेही ठेवले असते. तुमच्याकडे बाकी सगळे पैसे देऊन झेरॉक्स काढतात ना? मग त्यांनाही गिऱ्हाईक राहू द्या. फुकट दिलं की माणूस परत यायला कचरतो, आणि आलाच तर दोन फुटांवर उभा राहतो. घेत चला पैसे.

कचरा वेचणाऱ्या बाईला पोलीस कुठेही अडवायचे, चोरीचं भंगार म्हणून. आईच्या कमरेला पिशवीत एकच कागद असायचा, ओळखपत्र. १९९३ ला पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरा वेचणाऱ्यांची संघटना उभी राहिली, बाबा आढावांसारखी माणसं पाठीशी होती. १९९६ ला महापालिकेने त्या ओळखपत्रांवर आपली मोहोर दिली. आईने ते कार्ड घरी आणलं तो दिवस मला आठवतो. तिने ते देव्हाऱ्यात ठेवलं नाही, टाळही वाजवला नाही. दुसऱ्या दिवशी मुद्दाम हवालदार उभा असतो त्या चौकातून गेली. त्याने हटकलं. तिने कार्ड काढून त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, वाचा. बस. संध्याकाळी वस्तीत हीच गोष्ट तिने दहा घरी सांगितली.

तुमच्या आजी पंचायतीच्या सभासद आहेत का, विचारा. नसतील तर घेऊन जा. एकटीच्या अर्जाला आणि संघटनेच्या पत्राला टेबलावर मिळणारी खुर्ची वेगळी असते.

---

काळा_कोट_शिवाजीनगर · १६ जून, सकाळी ८.१५

ओढ्याकाठची ताईंनी जे सांगितलं तेच संयुक्त राष्ट्रांनी २०१२ साली आत्यंतिक गरिबी आणि मानवी हक्कांच्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलंय: गरिबांना सामील न करता त्यांच्यासाठी काही ठरवू नका. त्या विचारामागे फादर जोसेफ व्रेसिन्स्की नावाचा माणूस होता, स्वतः दारिद्र्यात वाढलेला. १७ ऑक्टोबर १९८७ ला पॅरिसला त्याने एक शिळा बसवली, त्यावर मजकूर असा की जिथे माणसं घोर गरिबीत लोटली जातात तिथे मानवी हक्क मोडले जातात. म्हणजे गरिबी हे दुर्दैव नाही, उल्लंघन आहे. दुर्दैवावर दया येते, उल्लंघनाला जाब विचारता येतो. वकिलाच्या दृष्टीने फरक एवढाच, पण तो मोठा आहे.

आपल्याकडे १९८५ चा ओल्गा टेलिस खटला आहे, मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांचा. उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग, हे सर्वोच्च न्यायालयाने त्यात मान्य केलं. मात्र रीतसर नोटीस देऊन हटवायची मुभाही ठेवली. विद्यार्थ्यांना पहिला अर्धा पाठ असतो, वस्तीतल्या लोकांना दुसरा.

कामाचं बोलतो.

शाळेसाठी शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १४(२). वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. अंगणवाडीची नोंद चालते, तीही नसेल तर पालकाचं घोषणापत्र. मूल ७ वर्षांचं असेल तर कलम ४ प्रमाणे वयाच्या वर्गात, म्हणजे दुसरीत बसवायचं, पहिलीत नाही. जन्मदाखला पुरात गेला तरी नोंद गेलेली नसते. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीत सापडेल, दुसरी प्रत मिळते. आईचं नाव आणि तारीख बरोबर सांगा.

आणि वकिलाची फी हा विषयच नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२. स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. इथे तुमची चौथी पट्टी लागत नाही. शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, फोन १५१००.

---

झेरॉक्सवाला_पद्मावती · ७ जुलै, रात्री ११.४५

उशीर झाला. ॲडमिशनचा सीझन, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती.

ताई, राग कसला. १६ तारखेलाच विचारलं. आजी पुठ्ठ्याची गाडी लावून पाणी प्यायला थांबल्या होत्या. म्हटलं, आजी, ह्यातलं आधी कुठलं काम करू या? आधी त्यांना प्रश्नच कळला नाही, म्हणाल्या, "तुमी सांगाल तसं." म्हटलं, नाही, तुम्ही सांगा. मग खाली बसल्या. पदराने तोंड पुसलं. म्हणाल्या, "रेशनचं मी कसंबी बघते, दादा. शेजारची देती वाटीभर. पोराला साळंत घाला. त्यो माज्यासंगं येतो पहाटं, त्याच्या बी बोटाला काच लागाय लागली."

मी तीन महिने रेशनकार्डाच्याच मागे होतो हो.

शाळेत तिघं गेलो, आजी, नातू आणि मी. जवळचीच मनपाची शाळा. बाईंनी आधी जन्मदाखला विचारला, मग आधार. मी कलम १४(२) ची प्रिंट पुढे केली. (झेरॉक्सवाल्याचा हा एक फायदा, प्रिंट कशाचीही निघते.) बाई चष्मा लावून पूर्ण वाचत बसल्या, चिडल्या नाहीत. म्हणाल्या, मला माहीत आहे हो, पण ऑनलाइन भरताना तो रकाना रिकामा सोडला की वरून फोन येतो. मग स्वतःच म्हणाल्या, येऊ दे फोन. घोषणापत्रावर आजींची सही हवी होती. सही येत नाही, अंगठा. तर बाईंनी शाईचा पॅड पुढे केला, आणि गंमत बघा, शाईत अंगठा स्पष्ट उमटला. रेघा नाहीत पण अंगठा आहे. पोरगा दुसरीत बसला. पहिल्या दिवशी दप्तर पाठीला लावून माझ्या दुकानात आला आणि मशीनचं झाकण उघडून स्वतःचा हात आत ठेवला. काढली एक कॉपी. त्याच्या बोटांच्या रेघा छान येतात.

जन्मदाखला सापडला. नावाच्या जागी 'बेबी ऑफ' असंच आहे, नाव घालायचा अर्ज वेगळा करायचाय.

आधार केंद्रात दोन फेऱ्या झाल्या. डोळे लागले, नंबर बदलला, तो सध्या माझ्या जुन्या फोनवर आहे. ई-केवायसी चेहऱ्याने करायला दुकानातच बसलो. सहा वेळा नापास. पापणी मिटा म्हणून सूचना येते, आजी दोन्ही डोळे गच्च मिटून बसायच्या, देवाला हात जोडतात तशा. शेवटी पासपोर्ट फोटोचा लाइट लावला आणि म्हटलं, नातवाला डोळा मारा. झालं!

धान्य अजून सुरू नाही. दुकानदार म्हणतो पुढच्या महिन्याच्या यादीत येईल. मार्च ते जूनचं काय, विचारलं, तर हसला. काकांनी सांगितल्याप्रमाणे कलम ८ लिहून भत्त्याचा अर्ज दिलाय. टेबलावरच्या माणसाने तो आधी परत सरकवला, म्हणाला असं काही नसतं. आम्ही म्हटलं, नसतं असं लिहून द्या. दहा मिनिटं कुणीच काही बोललं नाही. मग त्याने शिक्का मारला. अंत्योदयचा अर्जही दिला, त्याचं उत्तर तोंडी आलं, काकांनी सांगितलं होतं तेच, शब्दाला शब्द. ते लेखी मागितलंय, अजून मिळालेलं नाही.

पंचायतीत या रविवारी जाणार आहेत. मी नाही, त्यांच्या ओळीतल्या दोघीजणी मिळून. निराधारचं सोडून दिलं. खोटा दाखला काढू का म्हणून एक एजंट दुकानात येऊन गेला. आजींनीच त्याला वाटेला लावलं. काय शब्द वापरले ते इथे लिहिता येत नाहीत.

ऑफिसातून आलो त्या संध्याकाळी आजींनी पोचपावत्या लॅमिनेट करायला दिल्या. म्हटलं, आजी, ही नुसती पोच आहे, मंजुरी नाही. म्हणाल्या, म्हाईत हाय. पुरात जाऊ नये म्हणून. दोन कागदांचे ४० रुपये झाले. घेतले.

आता पुढचं विचारतो. इष्टांक संपल्याचं लेखी मिळालंच नाही, तर अपील कशाच्या जोरावर करायचं? आणि पोच दाखवून किती दिवसांनी विचारायला जायचं?

---

जुना_पुरवठा · ८ जुलै, सकाळी ६.३०

लॅमिनेशन केलेल्या पोचेवर पुढचा शेरा मारता येत नाही हो. पुढच्या वेळी मूळ कागद पिशवीत ठेवा आणि झेरॉक्स लॅमिनेट करा, दुकान तुमचंच आहे.

लेखी मिळालं नाही तर पोचेची तारीख हाच जोर. तीस दिवस भरले की अपिलात लिहायचं, अमुक तारखेला अर्ज दिला, आजपर्यंत उत्तर नाही. न मिळालेलं उत्तर हेही उत्तरच धरतात. मसुदा मी लिहून देतो, टाइप तुम्ही करा.

आणि सोमवारी जाऊ नका. सोमवारी साहेब मीटिंगला असतात. मंगळवारी, अकरानंतर, जेवणाच्या आधी.